मिर्झापूरची भांडी आणि एकस्वाचा न्याय

गंगाकाठच्या मिर्झापुरात पितळी भांडी लाखेने यंत्रास चिकटवून घोटीत. भांडे निसटले की कारागिरास इजा होई. हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजने ते दुसऱ्या बाजूने दाबून धरण्याच्या युक्तीवर १९५१ चे एकस्व मिळविले. अलाहाबादच्या खंडपीठाने ते उचलून धरले; परंतु १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. सोय वाढली खरी, पण ही युक्ती धंद्यातील जाणत्यास सहज सुचण्याजोगी होती. निवाडा योग्यच, मात्र उत्तर कळल्यावर सारेच सोपे वाटते, हा धोका न्यायासनासही असतो. जनुकाचे कार्य रोखणाऱ्या रेणूंवरील अपिलांत तो अधिकच वाढतो. जनुकाचा अनुक्रम ठाऊक असला की पूरक धागा कागदावर कोणीही मांडील; तो पेशीत काम करील की नाही, हे जाणत्यासही आधी सांगवत नाही.