फाल्गुनातली शिकार

माहेरच्या घराची वाटणी झाली तेव्हा माझ्या वाट्याला एक फोटो आला. खरं तर तो कुणालाच नको होता, म्हणून मी आणला. काचेला कोपऱ्यात तडा गेलाय. फोटोत आमचे आजोबा उभे आहेत, डोक्याला फेटा, हातात बंदूक, आणि पायाशी बिबट्या आडवा. फोटोत तोंड नीट दिसावं म्हणून त्याच्या मानेखाली कुणीतरी दगड सरकवलाय. मागच्या पुठ्ठ्यावर शाईनं लिहिलंय, 'फाल्गुन, १९५६'.

नात सुट्टीला आली की म्हणते, "आजी, तो फोटो काढ ना. कसंतरीच होतं बघून." आणि दूध घालायला येणारी बाई त्याच फोटोसमोर उभी राहून म्हणते, "असा एक माणूस आता पायजे होता, बाई." दोघी माझ्याच घरात, दोघी खऱ्या. मी मास्तरीण, दोघींच्या मधोमध बसलेली. म्हणून म्हटलं, या फोटोतलं जे मला आठवतं आणि पुढं जे पाहिलं ते एकदा लिहून तरी ठेवू.

माझं माहेर जुन्नरच्या पश्चिमेला, चावंडच्या बाजूला. तिकडं पावसाळ्यात आकाश फाटतं आणि शिमग्याला प्यायच्या पाण्याची मारामार होते. बिबट्याला आम्ही 'वाघ'च म्हणायचो. बिबट्या हा शब्द शाळेत शिकले. आजोबांकडे परवान्याची बंदूक होती आणि गुरं फार मारली गेली की आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं त्यांना बोलवायला येत. पण ते पावसाळ्यात कधी गेले नाहीत, दिवाळीतही नाही. म्हणत, "फाल्गुन लागू दे."

फाल्गुनच का, हे तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. पानगळ झालेली असते. करवंदीच्या जाळ्या सोडल्या तर डोंगर उघडा पडतो. ओढे आटतात आणि नदीत मोजके दोह उरतात. जनावर कुठंही असलं तरी रात्री पाण्यावर यावंच लागतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे धूळ. वाटांवर घोट्याइतका फुफाटा झालेला असतो, त्यात पाऊल पडलं की कागदावर शिक्का मारावा तसं उमटतं. थंड मुलखातले शिकारी बर्फावरचा माग वाचतात असं मी कुठंतरी वाचलं होतं. आमच्याकडचं बर्फ म्हणजे ही धूळ!

आजोबांनी मला माग वाचायला शिकवला होता. नखं उमटली असतील तर कुत्रं, कोल्हा नाहीतर तरस. नखं नाहीत म्हणजे मांजराच्या जातीचं, ते चालताना नखं आत ओढून घेतं. चार बोटं ठेवून पाहायची. ठशाच्या कडा धारदार असतील तर रात्रीचा, वाऱ्यानं ढासळल्या असतील तर कालचा. ठशावरून मुंगीची रांग गेली असेल तर जनावर केव्हाच डोंगर ओलांडून गेलंय. मी सहा-सात वर्षांची असेन. मुळाक्षरांनंतर मला वाचायला आलेली दुसरी लिपी ही.

मग दोहाच्या काठी झाडावर बैठक बांधायची, खाली बोकड बांधायचा आणि रात्रभर खोकला दाबून बसायचं. फोटोतला बिबट्या तिसऱ्या रात्री आला, असं आजी सांगायची. (बोकड वाचला. पुढं तो बोकड कापायला कुणी धजावलं नाही, म्हातारा होऊन मेला.) त्या बिबट्यानं माणूस मारला नव्हता. दोन वासरं आणि पाटलाची घोडी मारली होती. आजोबांना त्यात पराक्रम वाटला की नाही, सांगता येत नाही. फोटोत ते हसत नाहीयेत, पण त्या काळी फोटोत कोणीच हसत नसे.

आजोबा एकटे नव्हते, एवढं मात्र नातीला सांगायला हवं. इंग्रज सरकार वाघ, बिबट्या, अस्वल, लांडगा मारणाऱ्याला रोख बक्षीस द्यायचं. इतिहासकार महेश रंगराजन यांनी जुन्या सरकारी नोंदींवरून हिशेब मांडलाय, की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ऐंशी हजारांवर वाघ, दीड लाखांवर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मुंबई राज्यात वन्यप्राण्यांचा कायदा झाला, पण परवाना काढून शिकार चालूच राहिली. ती खरी थांबली १९७२ च्या कायद्यानं. आजोबा त्याआधीच गेले. बंदूक वडिलांनी जमा करून टाकली.

आता सगळे म्हणतात, शिकार बंद झाली म्हणून बिबटे वाढले. तेही थोडं खरं असेल. पण मला वाटतं, कायदा झाला नसता तरी आजोबांची शिकार संपलीच असती, कारण त्यांचा फाल्गुनच उरला नाही.

हे मला सासरी कळलं. सासर आंबेगावच्या पूर्वेला, घोडनदीच्या बाजूला. १९७३ साली लग्न होऊन आले तेव्हा तिथं नुसतं माळरान. बाजरी, मटकी, हुलगे, विहिरीवर थोडी बागायत. वाघाचं नाव काढलं तर सासूबाई हसायच्या, "तो तुमच्या डोंगरात. आमच्याकडं लांडगा." आणि ते खरं होतं. लपायला झुडूप नाही तिथं बिबट्या येऊन करणार काय?

मग कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आमच्या घोडनदीवरचं डिंभे. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू आमच्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. जुनं आंबेगाव त्या पाण्याखाली गेलं. माझ्या माहेरच्या बाजूचे दोह माणिकडोहच्या पाण्यात गेले, आजोबांच्या बैठकीचं झाडही त्यातच. ज्यांची घरंदारं गेली त्यांचं दुःख निराळं, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

कालव्याचं पाणी आलं तशी आमच्याकडची बाजरी गेली आणि ऊस आला. आधी विघ्नहर कारखाना, पुढं भीमाशंकर. गावात स्लॅबची घरं झाली, पोरी कॉलेजात गेल्या. उसाला नावं ठेवायची माझी हिंमत नाही, माझ्या मुलाचं इंजिनिअरिंग उसावरच झालंय. पण ऊस म्हणजे काय, हे बिबट्याच्या बाजूनं बघा. बारा ते अठरा महिने हलत नाही असं दाट रान. आत गारवा, शेजारी पाटाचं पाणी, रात्री वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास केला, त्यात सगळ्यांत मोठा वाटा निघाला कुत्र्यांचा. तिथं शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, पण शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात आणि कुत्री मोकळी.

म्हणजे फाल्गुनात डोंगर उघडा पडला तरी खाली शिवार हिरवंगार. जनावराला दोहावर यायची गरज नाही आणि ओल्या वाफ्यांत धूळही नाही. उसात जन्मलेल्या पिल्लांना डोंगर माहीतही नसतो. त्यांचं जंगल उसाचंच. त्यांच्यावर उघडं पडायची पाळी येते ती ऊसतोडीत. कोयता चालवता चालवता मजुरांना सरीत दोन-तीन पिल्लं सापडतात. वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर येऊन ती संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाते. मी एकदा लांबून, गाडीच्या काचेतून पाहिलंय. तिनं एकेकाला मानेला धरून नेलं, शेवटचं न्यायला येईपर्यंत आम्ही श्वास रोखून होतो. शेजारी बसलेला ट्रॅक्टरवाला डोळे पुसत होता. त्याच्याच दोन शेळ्या आदल्या महिन्यात गेल्या होत्या.

मधल्या काळातली एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. २००१ च्या सुमारास इकडं पिंजरे लावून बिबटे धरायचे आणि दुसऱ्या जंगलात नेऊन सोडायचे, असं मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. पिंजऱ्यात शेळी बांधलेली. मला आजोबांचा बोकडच आठवला. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. पण झालं उलटंच. अत्रेय यांच्या अभ्यासात आहे, की जुन्नर वनविभागात त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे, ते त्यानंतर सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर तिथं राहत नाही, बिथरतं, घराच्या दिशेनं चालू लागतं. पुढं २००९ मध्ये पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या गळ्यात पट्टा बांधून माळशेजला सोडला, तर तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या नॅशनल पार्कात गेला! त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं. त्याच्यावर सिनेमाही निघाला. माझ्या नातीला आपले आजोबा म्हटलं की तोच आठवतो.

हे सगळं मी वर्गात शिकवायचे. वन्यजीव सप्ताहात पोरांकडून निबंध लिहून घ्यायचे, 'बिबट्या आपला शेजारी'. एका वर्षी एक मुलगी वही कोरी ठेवून बसली. विचारलं तर म्हणाली, "बाई, आमच्या शेजाऱ्यानं आमची पाडी नेली." मी तिला दहापैकी दहा दिले. आजही तेच देईन.

पश्चिमेकडच्या वाड्यांत महादेव कोळी लोक वसुबारसेला वाघबारस करतात. वाघोबाला शेंदूर, खिरीचा नैवेद्य. मग गुराखी पोरांतला एक वाघ होतो, एक अस्वल होतो, आणि बाकीचे त्यांना शिवाराबाहेर पळवून लावतात. पोरांनी अस्वल पाहिलेलं नसतं, पण खेळात ते अजून आहे. या खेळात वाघाला कुणी मारत नाही. पळवायचं फक्त. लहानपणी मी विचारलं होतं, की परत आला तर? तर आजी म्हणाली, "येनारच की. पुढल्या बारशीला परत पळवायचा."

२०२५ ची वाघबारस १७ ऑक्टोबरला होती. त्याआधी पाच दिवस शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला एक लहान मुलगी बिबट्यानं नेली. दिवाळीत जांबूतची एक म्हातारी बाई. नोव्हेंबर लागला आणि पुन्हा पिंपरखेडचा तेरा वर्षांचा मुलगा. वीस-बावीस दिवसांत तीन. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला, आणि त्याच आठवड्यात तिथला बिबट्या गोळी घालून मारला गेला. टीव्हीवर दाखवत होते, की शेतात कामाला जाणाऱ्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालताहेत. असे पट्टे मी मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात पाहिले होते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पिंपरखेडच्या माणसांना सहजीवनावर व्याख्यान द्यायला मी जाणार नाही. आणि नुसत्या गोळीनं प्रश्न सुटेल, असंही मला म्हणवत नाही, कारण ऊस तिथंच उभा आहे आणि पंपाची वीज बऱ्याचदा रात्रीच येते. माणूस अंधारात, एकटा, दारं धरायला वाकलेला. वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही, हे आजोबाही सांगायचे. नसबंदीची चर्चा चालू आहे. दिवसा विजेची मागणी त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

फोटो मी काढला नाही. नातीला म्हटलं, आधी मागचा मजकूर वाच. तिनं 'फाल्गुन' वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे मार्च ना?" हो, मार्च.

परवा सकाळी फिरायला गेले होते. पाटाच्या कडेला, कालच पाणी दिलेल्या सरीच्या तोंडाशी, चिखलात ठसा होता. नखं नव्हती. खाली वाकून चार बोटं ठेवली, बरोबर बसली. कडा धारदार. मग पलीकडून कुणीतरी पाणी सोडलं आणि ते सरीतून येऊन ठशात भरलं. घरी येऊन मुलाला म्हटलं, आजपासून कुत्रं आत बांध, आणि दूधवाल्या बाईला सांग, उजाडल्याशिवाय निघू नको, चहा उशिरा झाला तरी चालेल.