पिवळ्या फ्लेक्सवरची बाई

आठ मार्चच्या मेळाव्याला आम्ही लावलेला फ्लेक्स आठवतो ना? पिवळ्याधमक रंगावर एक बाई, डोक्याला पांढऱ्या ठिपक्यांचा लाल रुमाल, निळ्या शर्टाची बाही सारून दंड दाखवणारी. फ्लेक्सवाल्याने ते चित्र मोबाइलवरून उचललेलं. "ही बाई कोण गं?" एका आजींनी विचारलं, आणि आम्हाला सांगता येईना. मग आम्ही शोधलं.

चित्र अमेरिकेतलं, १९४३ सालचं. दुसरं महायुद्ध चालू होतं. पुरुष सैन्यात गेले, कारखान्यांत बायका आल्या. वेस्टिंगहाउस कंपनीने जे. हॉवर्ड मिलर या चित्रकाराकडून पोस्टरं करून घेतली, त्यातलं हे एक. कारखान्यात भिंतीपुढे थांबून वाचायला सवड कोणाला? पाळीला जाता-येता नजर पडेल तेवढंच. म्हणून मोजके भडक रंग, एकच माणूस, तीही थेट आपल्याकडे बघणारी, आणि वर चार इंग्रजी शब्द. अक्षर न येणारीलाही तो दंड कळतो.

आम्हाला वाटलं, बायकांच्या हक्कांसाठीच काढलं असणार. छे! खाडे कमी व्हावेत, कामाचा हुरूप टिकावा, एवढ्यासाठी ते होतं. फेब्रुवारीत जेमतेम दोन आठवडे कंपनीच्या भिंतींवर राहिलं आणि उतरवलं. कामात काही शंका असली तर वरिष्ठांना विचारा, असं सांगणारं पोस्टरही याच मिलरचं. युद्ध संपलं, सैनिक परतले, आणि देशभरच्या कारखान्यांतून कितीतरी बायकांना कमी केलं. पुष्कळजणींना काम सोडायचं नव्हतं.

पुढे चाळीसेक वर्षं हे चित्र कोणाच्या ध्यानात नव्हतं. १९८० नंतर तिथल्या स्त्री-चळवळीने ते उचललं.

त्या चार शब्दांचं मराठी करताना मात्र आमची गाडी अडली. इंग्रजीत 'वी' एकच. मराठीत 'आपण करू शकतो' म्हणायचं की 'आम्ही करू शकतो'? आमच्या मते कंपनीच्या भिंतीवर ते 'आपण' होतं: मालक, मुकादम, कामगार सगळे एक. बायकांनी पुढे त्याचं 'आम्ही' केलं. चित्रातली रेघही न बदलता!

बैठकीत यावर बराच वाद झाला. 'आपण' कसं गोड वाटतं, असं काहीजणी म्हणाल्या. तेव्हा आमच्या गटाच्या सचिवताई म्हणाल्या, "कर्जाचा हप्ता आला की साहेब म्हणतात, आपण भरून टाकू. भरतो कोण?"

पुढच्या फ्लेक्सवर 'आम्ही' लिहायचं ठरलंय.