पोटातला सिग्नल कुणाला जातो?

आज खंडाळ्यात पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये. मागे पत्र्यावर आवाज ऐकू येईल, तेवढा चालवून घ्या.

आजचा इतिहास आमच्या घरातूनच सुरू होतो. गेल्या वर्षी आईचं हिमोग्लोबिन सारखं उतरत होतं. वरून दुर्बीण घातली, खालून घातली, दोन्हीकडे काही दिसेना. मग पुण्याच्या डॉक्टरांनी कॅमेऱ्याची कॅप्सूल सुचवली. आईने सकाळी ती पाण्याबरोबर गिळली. कमरेला पट्टा, पट्ट्यात रेकॉर्डर. दिवसभर आम्ही चिंचवडला मामाकडे बसून होतो. रेकॉर्डरवरचा दिवा लुकलुकायचा आणि आई त्याच्याकडे संशयाने बघायची. दुपारी म्हणाली, "अगं, ही माझ्या पोटातून फोन कुणाला करतेय?"

सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न चिकटला. पोटातून बाहेर निरोप पाठवण्याची ही कल्पना आली कुठून? शोधायला लागले, तर एक धागा थेट आमच्या शेजारच्या स्टेशनावर निघाला. लोणावळ्याला.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३ चा. योग शिकले, पण ऐकीव गोष्टींवर त्यांचं समाधान होईना. नौली करताना पोटाचे स्नायू घुसळल्यासारखे फिरतात हे बाहेरून दिसतं, पण आत काय होतं? १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांखाली हे तपासायला घेतलं. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक निघालं. त्यात प्रयोगांचे निकाल छापले जायचे.

त्यातला एक प्रयोग आपल्या विषयाच्या अगदी जवळचा. शरीरात नळी सोडायची, तिचं दुसरं टोक बाहेर दाबमापकाला जोडायचं आणि नौली करायची. पारा सांगायचा की मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झालाय. म्हणजे आत अर्धवट पोकळी तयार होते. बस्तीच्या क्रियेत पाणी आपोआप वर कसं ओढलं जातं, याचं हे उत्तर होतं. आपल्या गुरूंच्या नावावरून कुवलयानंदांनी या पोकळीला 'माधवदास व्हॅक्यूम' म्हटलं.

आता यातली अडचण बघा. आतली खबर बाहेर आणायला नळी लागते. नळी घेऊन माणूस चालणार कसा, जेवणार कसा, झोपणार कसा? शिवाय दोन्ही बाजूंनी नळी ठराविक अंतरापर्यंतच जाते. मधलं लहान आतडं सहाएक मीटर लांब, वेटोळं घालून बसलेलं. आम्हा घाटातल्या लोकांना हे लगेच कळतं. गाडी बोगद्यात शिरली की रेंज गेली. बाहेर येईपर्यंत आत काय चाललंय कुणाला कळत नाही.

नळी काढून टाकायची तर रेडिओ इतका लहान हवा की तो गिळता येईल. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि दहा वर्षांत ते जमलं. १९५७ साली स्टॉकहोममध्ये स्टुअर्ट मॅके आणि बर्टिल जेकबसन यांनी गिळता येणारा रेडिओ बनवला. त्याच वर्षी अमेरिकेत टीव्हीच्या शोधकांपैकी एक, व्लादिमिर झ्वोरिकिन, यांच्या गटानेही अशीच गोळी तयार केली. ती काय मोजायची? आतड्यातला दाब! लोणावळ्यात पारा जे सांगत होता, तेच आता रेडिओ सांगू लागला.

मॅकेंच्या गोळीची युक्ती सोपी आहे. आत एक पातळ पडदा. दाब वाढला की पडदा दबतो, त्याला जोडलेला तुकडा तारेच्या गुंडाळीत सरकतो आणि रेडिओचा सूर बदलतो. बाहेर बसलेल्याने सूर ऐकायचा आणि दाब ओळखायचा. आपलं शरीर म्हणजे बरंचसं खारट पाणी, त्यात रेडिओ लहरी विरतात. म्हणून सिग्नल लांब जात नाही आणि अँटेना अंगाजवळच ठेवावी लागते. आईच्या कमरेचा पट्टा त्यासाठीच होता.

सूर ऐकू आला, पण चित्र दिसायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. गॅव्रिएल इदान हे इस्रायलचे अभियंते. क्षेपणास्त्राला लक्ष्य दाखवणारा 'डोळा' बनवणं हे त्यांचं काम. १९८१ मध्ये बोस्टनमध्ये असताना पोटविकारतज्ज्ञ असलेल्या शेजाऱ्याशी गप्पा मारताना त्यांना लहान आतड्याची ही अडचण कळली. कॅमेराच गिळला तर? त्या काळी तेवढा लहान, कमी वीज खाणारा कॅमेराच नव्हता. तो आल्यावर काम पुढे सरकलं. लंडनचे डॉ. पॉल स्वेन याच कल्पनेवर स्वतंत्रपणे काम करत होते, ते येऊन मिळाले आणि १९९९ मध्ये त्यांनी कॅप्सूल स्वतःच गिळली. २००० साली 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला, २००१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. सेकंदाला दोन फोटो, आठ तास. हिशेब करा, पन्नास हजारांच्या वर फोटो होतात. आईच्या त्या फोटोंमध्येच लहान आतड्यात रक्त झिरपणारी जागा सापडली. आता आई बरी आहे, आणि मी हा भाग लिहिताना चूक काढायला शेजारी बसली आहे.

इथपर्यंत गोष्ट सुखाची आहे. पण आईचा प्रश्न राहिलाच की. फोन कुणाला?

१३ नोव्हेंबर २०१७ ला अमेरिकेत 'ॲबिलिफाय मायसाइट' या गोळीला परवानगी मिळाली. स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजारांवरचं औषध, आणि त्यात वाळूच्या कणाएवढा सेन्सर. बॅटरी नाही! तांबं आणि मॅग्नेशियम जठराच्या रसात भिजले की थोडी वीज तयार होते, शाळेतल्या लिंबाच्या बॅटरीसारखी. तो बारीकसा विद्युत सिग्नल शरीरातूनच वाहत अंगावरच्या चिकटपट्टीपर्यंत येतो आणि तिथून मोबाइलवर. ॲप सांगतं, औषध घेतलं गेलं. रुग्णाने परवानगी दिली तर ही माहिती डॉक्टर आणि घरच्यांनाही दिसते.

परवानगी देताना सरकारी यंत्रणेनेच स्पष्ट केलं होतं की यामुळे रुग्ण औषध जास्त नियमित घेतात हे सिद्ध झालेलं नाही. सेन्सर बनवणारी प्रोटियस कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. टीकाकारांचा मुद्दा साधा होता. आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय, ही भीती ज्या आजारात वाटू शकते, त्याच आजारासाठी ही गोळी?

आपल्याकडे याच अडचणीवर वेगळा उपाय निघाला. टीबीचं औषध महिनोन्‌महिने न चुकता घ्यावं लागतं. '९९ डॉट्स' नावाच्या पद्धतीत पाकिटात गोळीच्या मागे फोन नंबर लपवलेला असतो. गोळी बाहेर काढली की नंबर दिसतो, रुग्णाने त्यावर फुकटचा कॉल द्यायचा. गोळी गिळलीच याचा पुरावा त्यात नाही, हे खरं. पण निरोप माणूस स्वतः पाठवतो. पोटातून परस्पर जात नाही.

मला दोन्हीतला हा फरक महत्त्वाचा वाटतो. स्वेननी कॅप्सूल स्वतःच्या मर्जीने गिळली. आईने गिळली, कारण तिला बरं व्हायचं होतं, आणि संध्याकाळी पट्टा काढल्यावर ऐकणं संपलं. पण उद्या विमा कंपनी म्हणाली, सेन्सरवाली गोळी घ्या, हप्ता कमी करतो? किंवा ऑफिसने सांगितलं? तेव्हाचं 'हो' खरंच आपलं असेल का? २०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, त्यात संमतीला मोठी जागा आहे. पण ॲप उघडल्यावर 'सहमत आहे' हे बटण आपण किती वाचून दाबतो, ते तुम्हालाही माहितीये आणि मलाही.

म्हणून डॉक्टर अशी गोळी देतील तेव्हा तीन गोष्टी विचारा. सिग्नल कुणाला जातो? किती दिवस साठवला जातो? आणि नको म्हटलं तर औषध तरीही मिळेल ना?

आई म्हणतेय, चौथाही सांग. तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही. सांगितलं गं.

तुमच्या घरात कुणी असा कॅमेरा गिळलाय का? आवाजी मेसेज पाठवा, नाव न सांगता पाठवलात तरी चालेल. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि पावसात घाटात गाडी सावकाश चालवा.