चिंधी, चीवर आणि जयंतीच्या पताका



१९८२ सालच्या भीमजयंतीला आमच्या चाळीत वर्गणी जमली नाही. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झालेला, एप्रिल उजाडेस्तोवर घराघरांतले डबे खडखडत होते. मोठ्या माणसांनी ठरवलं, विकतचं काही आणायचं नाही, पण जयंती राहायची नाही. बायांनी जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे फाटके शर्ट काढले आणि दाट निळीत बुडवून पताका कापल्या. रद्दी पेपरच्या माळांना गव्हाच्या पिठाची खळ, तीत झुरळ लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. सायकलच्या मोडक्या रिमला बांबूच्या कामट्या बांधून आठ आऱ्यांचं धम्मचक्र केलं, त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवली. ती चांदी रस्त्यावरून गोळा करणाऱ्या पोरांत मी होतो. वय बारा-तेरा.

पताका बांधताना चाळीतली एक म्हातारी आजी आडवी आली. म्हणाली, "मढ्यावरचं कापड फेकून द्यायला बाबासाहेबांनी सांगितलं, अन् तुमी त्यांच्याच फोटूला चिंध्या लावताय व्हय?" सगळे गप्प झाले.

आजीचं खोटं नव्हतं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेताची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे असे लिहून ठेवले आहे. गावगाड्यात मढ्यावरचं कापड हा आपल्या लोकांचा 'हक्क' म्हणत. असला कसला हक्क? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती मनुस्मृती जाळली गेली आणि त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना पेहराव आणि स्वच्छता याविषयी उपदेश केला. ज्यांनी ते ऐकून अंगावरचं बदललं, त्यांना चिंधी दिसली की जुनं सगळं आठवणारच.

पण दुसरी बाजू मला पुढे वाचनातून कळली. तथागतांचे सुरुवातीचे भिक्खू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून चीवर करत. त्याला पांसुकूल म्हणतात. म्हणजे तेच स्मशानातलं कापड! मी कितीतरी दिवस या जागी अडून होतो. मग जीवकाची हकीकत वाचली. जीवक वैद्याने राजाकडून मिळालेलं उंची वस्त्र तथागतांना दिलं आणि गृहस्थांनी दिलेली वस्त्रं भिक्खूंना घेऊ द्यावीत अशी विनंती केली. तथागतांनी मोकळीक दिली, ज्याला पाहिजे त्याने पांसुकूल नेसावं, ज्याला पाहिजे त्याने दिलेलं घ्यावं. मनूने नेसायला लावलं आणि तथागतांनी निवडू दिलं. कापड तेच असेल, माणूस तो राहात नाही.

विनयपिटकात आनंदाची गोष्ट तर प्रत्येक घरात सांगण्यासारखी आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला ५०० वस्त्रे दान दिली. राजा चिडला, हा श्रमण काय कापडाचं दुकान मांडणार? त्याने आनंदाला विचारलं, एवढ्यांचं करणार काय? ज्यांची चीवरे झिजली त्यांना वाटणार. मग झिजलेल्यांचं? अंथरुणावर घालायला. ती जुनी झाली की? गादीच्या खोळी, मग जमिनीवर पसरायला, मग पायपुसणी, मग फडकी. आणि फडकी फाटली की? बारीक करून चिखलात कालवायची आणि जमीन सारवायची. राजा खूश झाला, त्याने आणखी ५०० दिली. आपल्या बायका जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात, वाकळ फाटली की तिचं पोतेरं करतात, त्यांना हे कुणी शिकवायला नको.

आजीने यातलं काही वाचलेलं नव्हतं, अक्षरओळख नव्हतीच. पण दुसऱ्या दिवशी तिने आपलं धुतलेलं पांढरं लुगडं आणून टाकलं आणि अट घातली, "परक्याच्या घरचं एक चिरगूट लावायचं न्हाई. आपल्या अंगावरचं, आपल्या कष्टाचं, तेवढंच." पंचशील ध्वजातला पांढरा पट्टा त्या लुगड्याचा निघाला.

२०१८ साली सरकारने प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी घातली, तेव्हा मखराचं काय करायचं म्हणून पोरं माझ्याकडे आली होती. मी त्यांना खळ शिजवायला शिकवली.

त्या १९८२ च्या जयंतीला मुलांना बक्षिसंही घरचीच होती. जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून, सुताने शिवून, वर कॅलेंडरचा कागद लावलेल्या वह्या. मला मिळाली तिच्यात अर्धी पानं एकरेघी, अर्धी चौकटीची. बाबासाहेबांच्या पुस्तकातले उतारे मी पहिल्यांदा तिच्यातच लिहून काढले, चौकटीच्या पानांवर एकेका घरात एकेक अक्षर.