विंचवाच्या विषाची उकल

मराठवाड्यांतील हिंगोली असो कीं कोंकणांतील महाड, विंचवाचा दंश खेड्यांतील घराला नवा नाहीं. दगडाखालीं किंवा सरपणाच्या ढिगांत हात घालावा आणि नांगी बसावी, हा नित्याचाच प्रकार. वेदना सर्वांस ठाऊक होत्या. परंतु तांबड्या विंचवाच्या दंशानें धडधाकट माणूस एका रात्रींत कां दगावतो, हें कोडें फार काळ सुटलें नव्हतें.

तें समजण्यास शरीरांतील एक व्यवस्था ध्यानांत घेतली पाहिजे. सूक्ष्म रोहिण्यांच्या भिंतींत स्नायूंचें वेष्टन असतें. त्यास आकुंचन पावण्याचा हुकूम नॉरअ‍ॅड्रिनॅलिनसारखीं द्रव्यें देतात. सैल पडण्याचा निरोप वाहिनीच्या अस्तरांतून निघणारा नायट्रिक ऑक्साइड वायु देतो. या शोधाबद्दल १९९८ सालीं तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर त्याच दाबाखालीं प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. यावरून या निरोपांचें महत्त्व कळेल.

तांबड्या विंचवाचें विष मज्जातंतूंना चेतवून आकुंचनाचीं द्रव्यें रक्तांत ओततें. घाम सुटतो, हातपाय थंड पडतात, रक्तदाब चढतो. हृदय त्या भारापुढें थकतें आणि फुफ्फुसांत पाणी भरतें. विष विंचवाचें खरें, पण शस्त्र रोग्याच्याच शरीराचें.

जालना जिल्ह्यांतील देहेड गांवचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ सालीं महाडनजीक बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रांत रुजू झाले. रोग्यांच्या उशाशीं बसून त्यांनीं नाडी, रक्तदाब व लक्षणें टिपलीं. १९८२ सालीं तीं निरीक्षणें लंडनच्या 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झालीं. पुढें त्यांनीं रक्तदाबावरील प्राझोसिन ही साधी गोळी योजिली. ती आकुंचनाचा हुकूम स्नायूंस पोहोंचूं देत नाहीं. वाहिन्या रुंदावतात आणि हृदयावरचा भार उतरतो. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनीं हा उपचार १९८६ सालीं त्याच नियतकालिकांत मांडला. पूर्वीं तीव्र विषबाधा झालेल्यांपैकीं शेंकडा सुमारें चाळीस दगावत. तें प्रमाण शेंकडा एकावर आलें. २०२२ सालीं डॉ. बावस्करांस पद्मश्री मिळाली.

गोळी स्वस्त आहे. महाग आहे तो वेळ. दंशानंतर रोग्यास मांत्रिकाच्या अंगणांत बसवून ठेविलें, तर तेवढ्यांत विषाचा हुकूम हृदयापर्यंत पोहोंचून चुकतो. घाम आणि थंडगार हातपाय दिसतांच त्याला दवाखान्यांत नेणारा शेजारी अर्धा उपचार करून मोकळा होतो.