कुंडी, पिशवी आणि खड्डा: कोकणातील आंबा कलमांच्या मुळांचा इतिहास

कोकणातील हापूस आंब्याचा इतिहास आजवर बहुतांशी फळाच्या अंगाने लिहिला गेला आहे. त्याचे नाव कोठून आले, गोव्याकडून तो रत्नागिरी-देवगडपर्यंत कसा पोचला, मुंबईच्या बाजारात त्याला भाव कसा मिळत गेला, यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु ज्या मुळांवर हे सारे वैभव उभे राहिले, ती मुळे जमिनीत जाण्यापूर्वी कशात वाढली आणि तेथून ती किती वेळा हलवली गेली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः कलमी आंब्याची बाग कोणी लावावी, किती लावावी आणि ती किती टिकावी, हे ठरवण्यात मातीच्या कुंडीचा आणि पुढे प्लॅस्टिकच्या पिशवीचा वाटा फार मोठा होता.

हापूस हा एकभ्रूणी आंबा आहे, म्हणजे त्याच्या कोयीत एकच भ्रूण असतो आणि तो परागसिंचनातून तयार झालेला असल्यामुळे कोयीपासून उगवलेले झाड मूळ झाडासारखे फळ देईलच याची खात्री नसते. म्हणून हापूसचे प्रत्येक झाड हे खरे तर दोन झाडांचे मिळून बनलेले असते: वर हापूसची फांदी, जिला कलमकाडी म्हणतात, आणि खाली कोयीपासून वाढवलेल्या रायवळ आंब्याचे रोप, ज्याला खुंटरोप म्हणतात. रायवळ म्हणजे कोयीपासून आपोआप वाढलेला, जातीचे वेगळे नाव नसलेला गावठी आंबा. कोकणातल्या कातळाशी झगडणारी मुळे त्याची आणि बाजारातले नाव मात्र हापूसचे, अशी ही विभागणी आहे.

कलम करण्याची कला भारताला पूर्वीपासून ठाऊक होती. मात्र पश्चिम किनाऱ्यावर ती आंब्यावर मोठ्या प्रमाणात वापरण्याचे श्रेय परंपरेने गोव्यातील पोर्तुगीज आणि विशेषतः जेझुइट पाद्री यांना दिले जाते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात वावरलेला व्हेनिसचा प्रवासी निकोलाओ मनुची याने गोव्याच्या आंब्यांची प्रशंसा करताना त्यांच्या अनेक जातींची नावे दिली असून त्यांत निकुलाव आफोंसो या नावाचा आंबा आहे. माणसांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इतक्या जाती एका प्रदेशात स्थिर झाल्या होत्या, यावरून त्या कलमांनीच वाढवल्या जात असाव्यात असा तर्क करणे वाजवी ठरते, कारण कोयीपासून वाढवलेल्या झाडांत अशी नावे पिढ्यान्‌पिढ्या टिकणे कठीण असते.

या काळापासून विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागापर्यंत आंब्याचे कलम म्हणजे भेटकलम, असेच समीकरण होते. या पद्धतीत पावसाळ्यात कोयी वाफ्यात पेरल्या जात, कारण आंब्याच्या कोयीची उगवणशक्ती काही आठवड्यांतच संपते आणि ती साठवून ठेवता येत नाही. उगवलेली रोपे वाफ्यातून उचलून तळाला भोक असलेल्या मातीच्या कुंड्यांत लावली जात, वर्षभराच्या सुमारास त्यांचे खोड पेन्सिलीएवढे जाड झाले की या कुंड्या मातृवृक्षाखाली, म्हणजे ज्याची फांदी घ्यायची त्या हापूसच्या झाडाखाली, नेल्या जात. फांदी उंच असेल तर बांबूचा माळा बांधून कुंडी त्यावर चढवावी लागे. मग रोपाच्या खोडावर आणि तितक्याच जाडीच्या फांदीवर समोरासमोर साल व थोडे लाकूड काढून दोन सपाट, सारख्या लांबीच्या जखमा केल्या जात, त्या एकमेकींना घट्ट भिडवून सुतळीने किंवा केळीच्या सोपाने बांधल्या जात आणि वरून शेणमातीचा लेप दिला जाई. दोनतीन महिन्यांत जोड एकजीव झाला की जोडाच्या खाली हापूसच्या फांदीला आधी अर्धवट खाच दिली जाई, काही दिवसांनी ती खोल केली जाई आणि शेवटी फांदी तोडून कुंडी खाली उतरवली जाई. रोपाचा जोडावरचा शेंडाही त्याच सुमारास छाटला जाई.

या साऱ्या काळात कुंडीला पाणी घालण्याचे काम हातानेच होत असे, आणि माळ्यावर टांगल्यागत उभ्या असलेल्या सच्छिद्र मातीच्या कुंडीतील ओल उन्हाने व वाऱ्याने लवकर उडत असल्यामुळे पाऊस संपल्यावर एखाद्या दिवसाची हयगयही रोपाला भोवत असे. ज्याच्याकडे मुळातच हापूसचे मोठे झाड होते, राबती माणसे होती आणि पाण्याची सोय होती, त्यालाच कलमे बांधता येत. एका झाडाभोवती बांधता येणाऱ्या कुंड्यांची संख्याही त्याच्या खालच्या फांद्यांनी ठरवून दिलेली असे. हापूसच्या बागा दीर्घकाळ खोत, सावकार आणि संपन्न बागाईतदार यांच्याच हाती राहिल्या, त्याला जमिनीची मालकी जितकी कारण होती तितकीच कलमाची ही दुर्मीळताही कारण होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

कुंडीचा मुळांवर होणारा परिणाम त्याहून सूक्ष्म होता. आंब्याला सोटमूळ असते, म्हणजे एक मुख्य मूळ सरळ खाली जाते. कुंडीच्या तळाशी ते अडले की वळते आणि पुढे कडेने गोल फिरू लागते. म्हणून कलम उतरवल्यावर ते त्याच कुंडीत फार काळ ठेवू नये, ठेवायचेच असेल तर मोठ्या कुंडीत हलवावे, हलवताना मातीचा गड्डा फुटू देऊ नये पण तळाशी गुंडाळलेली मुळे धारदार चाकूने कापावीत, हा व्यवहार जाणत्या माळ्यांच्या हातात मुरलेला होता. पुण्याच्या गणेशखिंड येथे 1873 मध्ये स्थापन झालेल्या वनस्पती उद्यानाशी संबंधित असलेले जी. मार्शल वुड्रो यांचे ‘द मँगो: इट्स कल्चर अँड व्हरायटीज’ हे पुस्तक 1904 मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातील बर्न्स व प्रयाग यांचे ‘द बुक ऑफ द मँगो’ आले, तरीही हे ज्ञान मुख्यतः हातातून हातातच जात राहिले.

कुंडीतल्या या झाडांनी समुद्रही ओलांडले. 1889 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने मुंबईहून भेटकलमे मागवून फ्लॉरिडात पाठवली, आणि 1894-95 च्या हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीनंतर त्यांतले मलगोवा जातीचे, तिकडे ‘मुलगोबा’ म्हणून ओळखले गेलेले, एकच झाड जगले. त्याच्या कोयीपासून कॅप्टन जॉन हेडन यांनी 1902 मध्ये लावलेल्या रोपांतून ‘हेडन’ ही जात निघाली, जिने पुढे अमेरिका खंडातील आंब्याच्या व्यापाराचा पाया घातला.

कोकणात खरा पालट झाला तो दापोली येथे 1972 मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने कोय कलमाची पद्धत प्रमाणित केल्यानंतर. या पद्धतीत पंधरवड्याच्या आतबाहेरचे, तांबूस कोवळ्या पानांचे रोप कोयीसकट वाफ्यातून उपटले जाते, त्याचा शेंडा छाटून खोडाला मधोमध चीर दिली जाते, तीत पाचरीसारखी तासलेली हापूसची कलमकाडी बसवली जाते, प्लॅस्टिकच्या पट्टीने जोड बांधला जातो आणि मग ते रोप माती व शेणखत भरलेल्या पिशवीत लावले जाते. पावसाळ्यातील कोकणची दमट हवा जोड सुकू देत नाही, त्यामुळे ही पद्धत येथे विशेष यशस्वी झाली. पूर्वी मुळांना फांदीपर्यंत चढावे लागे, आता फांदीच मुळांकडे आली. माळा, जड कुंड्या आणि मातृवृक्षाखालची महिनोन्‌महिन्यांची राखण संपली, आणि सावलीत बसून एकटा कलम बांधणारा मोठ्या संख्येने कलमे करू लागला. 1990 मध्ये राज्य शासनाने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली तेव्हा अल्पभूधारकाच्या वरकस जमिनीतही कलमे जाऊ शकली, ती या पिशवीमुळेच. कलमाच्या इतिहासातील हा सर्वांत न्याय्य टप्पा होय.

मात्र जुना दोष पिशवीने वाढवला. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत कडेने मूळ अधिक सहज फिरते, आणि विकले न गेलेले कलम दोनदोन पावसाळे त्याच पिशवीत राहिले तर वरून टवटवीत दिसणाऱ्या झाडाच्या तळाशी मुळांचे वेटोळे तयार होते. मोठ्या पिशवीत हलवताना ते कापले गेले नाही, तर झाड कातळातल्या खड्ड्यात लावल्यावरही मुळे त्याच वेटोळ्यात राहतात आणि पुढे वादळवाऱ्यात त्यांची पकड अपुरी पडण्याचा धोका असतो. हा धोका ओळखूनच खड्ड्यात आधी रायवळ रोप वाढवून जागेवरच कलम बांधण्याची पद्धतही पुढे आली. तिच्यात सोटमूळ अडत नाही, परंतु विखुरलेल्या खड्ड्यांपर्यंत कुशल हात नेणे खर्चाचे असल्यामुळे तयार कलमाची पिशवी तिने मागे सारली नाही.

कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि फळाचे नाव कायद्याने सुरक्षित झाले. भेटकलम बांधणारे, कुंडी फिरवून मुळांची दशा ओळखणारे हात मात्र आता वयोवृद्ध झाले आहेत; कृषी विद्यापीठाने आणि बागाईतदारांच्या संघटनांनी त्यांच्या कामाच्या पद्धती, हत्यारे आणि शब्द यांची नोंद ते हयात असतानाच करून घ्यावी.