हाडांची राख आणि थकलेली माणसे

शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या पाड्यांवर हिंडताना एक तक्रार आमच्या कानी वारंवार पडते. "भाऊ, अंगात त्राणच उरलं नाही." सांगणारी माणसे साठी ओलांडलेली असतात. त्यांची उमेद भाताच्या चिखलात, वीटभट्टीवर आणि मालकाची उचल फेडण्यात सरलेली असते. या थकव्यावर जनावराच्या भाजलेल्या हाडांचे भस्म चालेल काय, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे.

आमच्या वैद्यांनी हाड भाजण्याची विद्या जुन्या काळीच साधली होती. सांबराचे शिंग हे हाडच. ते शराव-संपुटात बंद करून गोवऱ्यांच्या पुटात भाजत. त्या शृंगभस्माचा उपयोग खोकल्यावर व छातीच्या दुखण्यावर होई. शेळीच्या हाडांपासून अजास्थिभस्म करतात. भाजताना हाडातील सेंद्रिय भाग जळून जातो आणि मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फरस यांचे संयुग उरते. हाडातील हे द्रव्य १७६९ साली स्वीडनमध्ये गान याने ओळखले. पुढे १७७१ साली शेले याने त्या राखेतून फॉस्फरस काढण्याची रीत दाखविली.

त्या शोधाची किंमत कामगारांनी मोजली. काड्यापेट्यांना लागणारा पांढरा फॉस्फरस एकोणिसाव्या शतकात पुष्कळ काळ हाडांच्या राखेतून निघे. त्याच्या वाफेने कामगारांचे जबडे सडत. १८८८ साली लंडनच्या काडीपेटी कामगार स्त्रियांनी संप केला, आणि १९०६ साली बर्न येथे हा फॉस्फरस काड्यापेट्यांतून हद्दपार करण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला.

थकव्याशी फॉस्फरसचा संबंध पुढे जुळला. पहिल्या महायुद्धात जर्मनीत एम्ब्डेन याने सैनिकांना फॉस्फेट देऊन त्यांचा दम वाढतो काय, हे पाहिले. विश्रांतीऐवजी पूड! कामगाराला ही युक्ती अपरिचित नाही. १९२७ साली हार्वर्डमध्ये फिस्क व आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूंत फॉस्फोक्रिएटिन असल्याचे दाखविले; स्नायूच्या श्रमाशी त्याचा निकट संबंध आहे. परंतु स्नायूंत फॉस्फरस लागतो, म्हणून राख खाल्ल्याने जोम येतो, असे ठरत नाही. धान्य-कडधान्यांतून तो बहुधा पुरेसा मिळतो.

थकव्याचे खरे मूळ शोधण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या मुंबईतच झाला. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीण येथे आल्या. गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या जीवघेण्या पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. जंतूंपेक्षा त्यांनी बायांच्या ताटाकडे अधिक लक्ष दिले. प्राण्यांवर प्रयोग केले, आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने हा रोग बरा होतो, हे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. १९४५ साली ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या पथकाचे नेतृत्व याच सुब्बारावांकडे होते.

तेव्हा म्हाताऱ्या मजुराला भस्माची पुडी देण्याआधी त्याचे रक्त तपासा. पुरुषाचे हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटरला १३ ग्रॅमच्या खाली व स्त्रीचे १२ च्या खाली असेल, तर तो पंडुरोग होय. भस्मातील कॅल्शियमने तो हटत नाही. क्षय, मधुमेह व हृदयविकारही माणसाला असेच थकवितात. कॅल्शियमच हवे असेल, तर आमच्या माळावरची नाचणी आहेच. तिच्या शंभर ग्रॅमांत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

तरीही भस्माची परीक्षा करावयाची असेल, तर जरूर करावी, पण रीतीने. १७४७ साली लिंड याने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येकीस निराळा उपाय दिला. संत्री-लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. तसेच निम्म्यांना भस्म, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी पूड द्यावी, आणि कोणाला काय मिळाले हे देणाऱ्या-घेणाऱ्यांपासून गुप्त ठेवावे. शिसे हाडांत साचते, म्हणून भस्मही आधी तपासावे. सर्वांत मुख्य म्हणजे म्हाताऱ्यांना त्यांच्या बोलीत सारे समजावून त्यांचा होकार घ्यावा, आणि नकाराचा मान राखावा.

थकलेला माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबात राबला. निदान त्याच्या थकव्याचा हिशेब तरी खरा मांडला जावा, एवढेच आमचे मागणे आहे.